गिटारच्या सरावात हात दुखतो तेव्हा: कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठलं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपासून तुम्ही स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार शिकताय. कंपनीच्या गणपतीत चार गाण्यांना साथ करायचं ठरलं आणि रोजचा अर्ध्या तासाचा सराव एकदम दोन-अडीच तासांवर गेला. तीन आठवडे असं चाललंय. आता डाव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात दुखतं, कोपराखालचा भाग भरून येतो. सकाळी बाईकवरून अंबडला जाताना द्वारकेच्या गर्दीत क्लच दाबला की कळ येते. शिवाय संध्याकाळी ढोल पथकाचा सराव आहेच. कार्यक्रमाला पाच आठवडे उरलेत. बरोबरचे म्हणतात, "दुखलं तरी सोडू नको, वाजवून वाजवूनच बोटं तयार होतात." आणि तुम्ही विचारताय की हात मजबूत करायला कुठला व्यायाम करावा, मनगटाला पट्टा बांधून वाजवलं तर चालेल का.

मी नाशिकमध्ये बरीच वर्षं गिटार शिकवतो आणि विद्यार्थ्यांच्या गिटारींचा सेटअपही, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवणं, स्वतः करतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या मनगटात नेमकं काय झालंय हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण गणपतीच्या आधीच्या महिन्यात असे दुखरे हात दरवर्षी माझ्यासमोर येतात, आणि त्यांची कारणं बहुतेक वेळा त्याच तीन-चार गोष्टींत सापडतात.

व्यायामाचं आधी सांगून टाकतो. आत्ता कुठलाही नको, आणि तो स्प्रिंगचा ग्रिपर तर मुळीच नको. तुमच्या हातात ताकद कमी आहे म्हणून तो दुखत नाहीये. त्याच्याकडून गरजेपेक्षा जास्त ताकद काढली जातेय, तीही अचानक, आणि दिवसभराची बाकीची कामं उरकल्यानंतर. दुखऱ्या हाताला वर आणखी व्यायाम लावला तर त्यात भरच पडेल. पट्टा बांधूनही वाजवू नका. मनगट अडकवलं की बोटं आणि कोपर त्याची भरपाई करायला जातात आणि दुखणं जागा बदलतं. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: तोच सूर कमी दाबात कसा काढायचा, आणि हातावर दिवसभरात एकूण किती काम पडतंय.

बरोबरच्यांचा सल्ला एकाच दुखण्यापुरता खरा आहे. स्टीलच्या तारेवर नव्या माणसाच्या बोटांची टोकं दुखतात, लाल होतात, तारेची रेघ उमटते. ते कातडीचं दुखणं. कातडी हळूहळू जाड होते आणि ते मागे पडतं. ते चालवून घ्यायचं, फक्त फोड येईपर्यंत ताणायचं नाही. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच गिटार हातात घेऊ नका, ओली मऊ कातडी लवकर फाटते. सुटत आलेली कातडी ओढू नका. डाव्या हाताची नखं बारीक ठेवा, कारण वाढलेलं नख बोट आडवं करायला लावतं आणि मग दाब वाढवावा लागतो.

अंगठ्याचं मूळ, मनगट, कोपर, खांदा इथलं दुखणं मात्र वाजवून वाजवून जात नाही, ते वाढत जातं. ते ओळखायची माझी खूण साधी आहे: गिटार खाली ठेवल्यावर दुखणं किती वेळ टिकतं ते बघायचं. दहा-पंधरा मिनिटांत हात मोकळा झाला तर तो थकवा. रात्री झोपून उठल्यावरही ते तिथेच असेल तर कालचा सराव हाताला झेपलेला नाही. तुमचं दुखणं सकाळच्या क्लचपर्यंत टिकतंय. त्यामुळे पुढचे तीन-चार दिवस डाव्या हाताने तार दाबणं पूर्ण बंद करा. त्या दिवसांत काय करायचं ते पुढे सांगतो, कारण रिकामं बसायची गरज नाही.

हे असं का होतं ते नीट समजलं तर अर्धे उपाय तुम्हालाच सुचतील. बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपर आणि मनगटाच्या मधल्या भागात असतात. उजव्या हाताने डाव्या कोपराखालचा मांसल भाग धरा आणि डाव्या हाताची बोटं हलवा, हालचाल तिथे हाताला लागेल. तिथून कंडरा निघतात, मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात आणि बोटांच्या हाडांना जोडल्या जातात. त्या एका बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मोठी नस जाते. सायकलच्या ब्रेकची केबल डोळ्यासमोर आणा. केबल सरळ गेली असेल तर ब्रेक हलका लागतो. तीच कुठे तीव्र वळली असेल तर तेवढ्याच ब्रेकला जास्त जोर लागतो आणि आतली तार कव्हरला घासते. मनगट आत दुमडून बार कॉर्ड (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी ठेवून धरायची कॉर्ड, एफ त्यातलीच) धरताना तुमच्या हातात तेच घडतं. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला एका वेगळ्या छोट्या नळीतून जातात. अंगठ्याने नेक (गिटारची लांब मान) सतत चिमटीत आवळून धरला की ताण तिथे आणि अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर साठत जातो. तुम्ही दुखऱ्या जागेचं जे वर्णन केलंय त्यावरून मला पहिला संशय या चिमटीचा येतो.

आता दिवसभराचा हिशोब. बाईकचा क्लच डाव्या हातात असतो. आडगाव नाक्याकडून अंबडपर्यंत थांबत-थांबत जाताना तो किती वेळा दाबला जातो याचा आपण कधी विचार करत नाही, पण हात मोजत असतो. क्लच दाबताना तीच बोटं, तेच स्नायू आणि तोच अंगठा कामाला लागतो जो रात्री एफ कॉर्ड धरतो. त्यात ऑफिसातला कीबोर्ड, डाव्या हातात धरून अंगठ्याने चालवलेला मोबाईल, आणि ढोलाचा सराव, ज्यात मनगटाला तासभर हिसके बसतात. एवढं झाल्यावर रात्री दहाला तुम्ही गिटार घेता, तेव्हा सरावाची सुरुवातच थकलेल्या हाताने होते. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधली मुलं माझ्याकडे शिकायला येतात. ऑक्टोबरच्या गोडीबार छाटणीच्या दिवसांत त्यांचा उजवा हात पिक (तारा छेडायची छोटी चकती) धरतानाही दुखतो, कारण दिवसभर हातात छाटणीची कात्री असते. त्या दिवसांत मी त्यांचा सराव कमी करतो, गाणी तीच ठेवतो. तुम्हीही आधी क्लचची केबल ढिली आहे का, तिला तेल घातलंय का, ते मेकॅनिककडून बघून घ्या. जड क्लच हलका करून मिळतो आणि सिग्नलला न्यूट्रल करून हात सोडता येतो. गिटारच्या उत्तरात हे विचित्र वाटेल, पण मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं.

हात बरा वाटू लागला की पहिली गोष्ट करायची ती दाब मोजायची. कुठलीही एक तार घ्या, समजा तिसरी (सगळ्यात पातळ ती पहिली), पाचव्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट). बोट तारेवर नुसतं टेकवा, दाबू नका, आणि उजव्या हाताने तार छेडत राहा. आधी नुसता टकटक आवाज येईल. मग हळूहळू दाब वाढवा. आधी घरघर ऐकू येईल आणि एका क्षणी सूर स्वच्छ होईल. तिथेच थांबा. तेवढाच दाब लागतो. नव्या वादकांच्या बाबतीत मी बघतो की त्यांची सवय याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. आता बोट फ्रेटच्या पट्टीच्या अगदी मागे सरकवून तेच करा, आणि मग दोन फ्रेटच्या मध्यभागी ठेवून करा. पट्टीजवळ किती कमी जोर लागतो ते बोटालाच कळेल. सरावाच्या सुरुवातीला दोन मिनिटं रोज हे करा. मला एकच सवय लावायची मुभा दिली तर मी हीच लावेन.

दुसरी तपासणी अंगठ्याची. साधी सी कॉर्ड धरा आणि अंगठा नेकपासून उचला. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग गिटारच्या अंगावर असतो, तो गिटारला छातीशी स्थिर ठेवतो. डावा हात पूर्ण बाहूच्या वजनाने किंचित मागे ओढला की अंगठ्याशिवायही सूर निघतात. असं पूर्ण गाणं वाजवायचं नाही, पण दोन-चार कॉर्ड वाजवून बघितल्या की अंगठ्याचं काम दाबायचं नसून टेकायचं आहे हे हाताला पटतं. मग अंगठा परत ठेवा, मधल्या बोटाच्या साधारण समोर, नेकच्या मागे, हलका.

आता एफ. तुमच्या चार गाण्यांपैकी दोन गाण्यांमध्ये ती आहे, आणि माझ्या अंदाजाने दुखण्याचा मोठा वाटा तिचाच आहे. सहा तारांवर आडवी ठेवलेली तर्जनी सहाही तारा दाबते असं समजून आपण जोर लावतो. प्रत्यक्षात बघा: तिसरी तार मधल्या बोटाने दुसऱ्या फ्रेटवर दाबलेली असते, पाचवी आणि चौथी तार अनामिका आणि करंगळीने तिसऱ्या फ्रेटवर. तर्जनीकडे उरतात पहिली, दुसरी आणि सहावी, फक्त तीन तारा. मधल्या तीन तारांवर तर्जनी नुसती पडून राहिली तरी चालते. म्हणून तर्जनी सपाट ठेवून दाबण्यापेक्षा ती अंगठ्याच्या बाजूला थोडी कलती करा, म्हणजे बोटाची हाडाची कडक कड तारांवर येते. बोटाच्या पेराच्या घडीत एखादी तार सापडत असेल तर बोट एखाद-दोन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, जोर वाढवू नका. कोपर शरीराच्या थोडं जवळ आणा आणि मनगट जमेल तितकं सरळ ठेवा.

आणि एफ शिकायची सुरुवात पहिल्या फ्रेटवर करू नका. तिथे नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचा असलेली पट्टी) जवळ असतो, तारा उंच आणि ताठ लागतात, फ्रेटमधलं अंतरही सगळ्यात जास्त. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे ती ए कॉर्ड होते. तिथे स्वच्छ वाजली की चौथ्यावर, मग तिसऱ्यावर, असं खाली या. एका वेळी पाच-सहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरून ठेवू नका. धरा, वाजवा, हात पूर्ण सोडा. सोडणं हाही सरावाचा भाग आहे. कॉर्ड बदलताना मधल्या क्षणी बोटं सैल पडली पाहिजेत, आणि नव्या मुलांची ती तशी पडत नाहीत.

आता गिटारकडे वळतो, कारण पावसाळ्यात बऱ्याचदा निम्मा दोष तिचाच असतो. ओल्या हवेत लाकूड ओल शोषतं, गिटारचा पुढचा पाटा फुगतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात. सॉलिड लाकडाच्या गिटारमध्ये हे जास्त होतं, प्लायच्या गिटारमध्ये कमी, पण होतं. म्हणजे एप्रिलमध्ये जी एफ जेमतेम जमत होती ती ऑगस्टमध्ये जड लागते, आणि त्याच महिन्यात गणपतीसाठी आपण सराव वाढवतो. दोन्ही ओझी एकदम हातावर येतात. विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो आणि आणखी जोराने दाबतो.

घरच्या घरी मोजता येतं. गिटार सुरात लावा, स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारला सहाव्या तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली दोनच्या आसपास असेल तर हाताला बरं. साडेतीन-चार मिलिमीटर निघाली तर तुमची मेहनत विनाकारण जातेय. मग नट बघा: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते बघा. कागदाएवढी फट बरोबर. त्याहून बरीच जास्त असेल तर नटच्या खाचा उंच आहेत, आणि पहिल्या फ्रेटवरची एफ कोणालाही जड जाईल, अगदी माझ्याही हाताला. नट घासणं, सॅडल (गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी) खाली आणणं, ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) फिरवणं ही कामं माहितगार माणसाकडूनच करून घ्या. ट्रस रॉड अंदाजाने पिळून नेक खराब झालेल्या गिटारी मी पाहिल्या आहेत. सेटअपला फार खर्च येत नाही, आणि नवी गिटार घेण्याआधी तो करावाच.

तारांचाही विचार करा. अकूस्टिकवर सर्रास १२ चा सेट असतो, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. १० चा सेट लावला की सहा तारांचा एकूण ताण साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. आवाज थोडा पातळ होतो, पण ऑफिसच्या मंडपात माईकसमोर ते कोणाच्या लक्षात येणार नाही. आणखी एक सोपा उपाय: सगळ्या तारा अर्ध्या सुराने खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर तेच राहतात, ताण सुमारे ११ टक्के कमी होतो, आणि कॅपोमुळे उंच नटचा प्रश्नही टळतो. हलक्या तारा लावणं म्हणजे कमीपणा असं कोणी म्हणालं तर त्याला टोनी आयोमीचं नाव सांगा. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा डावखुरा गिटारवादक १९६५ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करताना तारा दाबायच्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावून बसला. त्याने बोटांना प्लॅस्टिकच्या टोप्या केल्या, पातळ तारा लावल्या, पुढे तारा खाली उतरवून वाजवलं, आणि हेवी मेटलचा तो जड आवाज त्यातूनच घडत गेला. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार बोटांच्या टोकांना मऊ लागते हे खरं, पण तिचा नेक रुंद असतो, नटपाशी साधारण ५२ मिलिमीटर. लहान पंजाच्या माणसाला बार कॉर्डसाठी तीही सोपी जाईलच असं नाही.

बसण्याबद्दल थोडक्यात. पलंगावर मांडी घालून, गिटार उताणी करून, वाकून फ्रेट बघत वाजवणं थांबवा. गिटार उताणी झाली की डावं मनगट दुमडल्याशिवाय बोटं तारांपर्यंत पोचतच नाहीत. बिनहाताच्या खुर्चीवर बसा, बसूनही गिटारचा पट्टा गळ्यात घाला, आणि गिटारचं डोकं साधारण खांद्याच्या उंचीपर्यंत येऊ द्या. नेक वर आला की मनगट आपोआप सरळ होतं. कार्यक्रमात उभं राहून वाजवणार असाल तर पट्ट्याची लांबी तीच ठेवा. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार फोटोत छान दिसते, पण मनगटाला ती महाग पडते.

उजव्या हाताची तुमची तक्रार नाही, तरी एक गोष्ट बघून ठेवा. मोठ्या अंगाच्या गिटारवर उजवा खांदा वर चढतो आणि गिटारची धार कोपराखाली रुतते. तासभर तसंच वाजवल्यावर करंगळीकडे मुंग्या आल्या तर हाताची जागा बदला, धारेवर मऊ कापड ठेवा. स्ट्रमिंग करताना, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवून ठेका वाजवताना, पिक निसटू नये एवढंच धरा.

आता सरावाची आखणी. पहिले तीन-चार दिवस डावा हात विश्रांतीवर. त्या दिवसांत गाणी ऐका, कॉर्ड कुठे बदलते तिथे टाळी द्या, पायाने ठेका धरून ओळी म्हणा. ब्रिजजवळ तारांखाली छोटा रुमाल सरकवा आणि नुसत्या उजव्या हाताने चारही गाण्यांचं स्ट्रमिंग मेट्रोनोमवर (ठेका देणाऱ्या यंत्रावर) पक्कं करा. साथ करणाऱ्याचा ठेका पक्का असेल तर एखादी कॉर्ड चुकली तरी गाणं चालत राहतं, उलटं होत नाही. त्यामुळे हे दिवस वाया जाणार नाहीत.

मग डावा हात सुरू करा: दहा मिनिटं सकाळी, दहा संध्याकाळी, सोप्या कॉर्ड, कमीत कमी दाब. दोन दिवस सकाळी हात स्वच्छ वाटला की प्रत्येक बैठक पाच मिनिटांनी वाढवा. दुखणं सकाळी शिल्लक दिसलं की एक पायरी मागे या. शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवसाला एकूण तासभर, तोही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, इतकं पुरेसं आहे. मध्ये पाच मिनिटं उठा, पाणी प्या, खांदे फिरवा, आणि त्या पाच मिनिटांत मोबाईल हातात घेऊ नका, नाहीतर अंगठ्याला सुट्टी मिळतच नाही. ढोलाचा सराव असेल त्या दिवशी गिटार सकाळी घ्या आणि रात्री ठेवून द्या. पथकप्रमुखांना सांगून काही दिवस ढोलाऐवजी झांज किंवा ध्वज मिळाला तर उत्तम. दुखणं मारायची गोळी खाऊन किंवा बाम चोळून मात्र कधी वाजवू नका. हात ज्या खुणेने थांब म्हणतो तीच त्याने पुसली जाते.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत याची आणखी एक बाजू येईल. पहाटेच्या थंडीत गारठलेल्या हातांनी लगेच बार कॉर्ड धरू नका. हात कोमट पाण्यात धरा, पुसून पूर्ण कोरडे करा आणि पहिली काही मिनिटं अगदी संथ वाजवा. बोटं मागे ओढून ताणण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

हे सगळं प्रत्येकाला सारखंच लागू होईल असं नाही. ज्यांना मधुमेह किंवा थायरॉईडचा त्रास आहे, ज्या गरोदर आहेत, त्यांच्या मनगटातल्या नसेवर दाब लवकर येऊ शकतो. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांचा अंगठा आधीच ताणलेला असतो. ज्यांची बोटं मागे खूप वाकतात त्यांना पेर कोलमडू नये म्हणून जास्त जोर लावावा लागतो. तुम्ही वयाचं आणि आजाराचं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे यातलं काही लागू असेल तर माझ्या वेळापत्रकापेक्षा निम्म्या वेगाने जा.

आणि काही खुणा दिसल्या तर माझ्यासारख्या शिक्षकाला विचारत बसू नका, हाताच्या किंवा हाडांच्या डॉक्टरकडे जा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येऊन जाग येणं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होणं. बोट मिटल्यावर अडकणं आणि झटक्याने उघडणं. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सूज किंवा कप उचलताना कळ. पकड सुटणं. किंवा दोन आठवडे नीट विश्रांती आणि हलका सराव करूनही फरक न पडणं. डॉक्टरांना नुसतं "हात दुखतो" असं सांगू नका. गिटार सोबत न्या किंवा वाजवतानाचा छोटा व्हिडिओ दाखवा, क्लचचं आणि ढोलाचंही सांगा. संगीतकारांचे हात बघायची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट मिळाला तर फार मदत होते.

एक प्रकार असा आहे ज्यात दुखतच नाही. एखादं बोट वाजवताना आपोआप मुडपतं किंवा ताठ होतं, आणि एरवी मात्र तोच हात ठीक असतो. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटं १९६० च्या दशकात अशीच आत वळू लागली आणि पुढची बरीच वर्षं त्यांनी फक्त डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या. हे विरळ आहे आणि तुमच्या वर्णनात त्याचं काही दिसत नाही. तरी बोट ऐकेनासं झालं तर जास्त सराव करून त्याला वळण लावायला जाऊ नका. त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचं असतं.

राहिला कार्यक्रम. तो सोडायची गरज मला दिसत नाही, एफ सोडायची दिसते. आज गायकाला विचारा की ती चार गाणी हार्मोनियमच्या कुठल्या पट्टीत आहेत. पांढरी चार म्हणाले, तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावा आणि डी, जी, ए या आकारांत वाजवा. बी मायनर आली तर तिथे बी मायनर सेव्हन चालते, तिला बार लागत नाही. काळी पाच असेल तर तिसऱ्या फ्रेटवरच कॅपो ठेवून जी, सी, डी, ई मायनर. काळी चारला कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि आकार तेच, जीचे. एखाद्या गाण्यात तरीही एफचा आकार टळत नसेल तर फक्त पहिल्या चार तारांची छोटी एफ घ्या, किंवा पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन. तालमीच्या आधी हे कागदावर लिहून काढा, कॅपो कुठे तेही प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर लिहा, आणि गायकाबरोबर एकदा त्याच पट्टीत बसून बघा. मंडपात दोन गाण्यांच्या मध्ये कॅपो हलवल्यावर तारा किंचित चढतात, तेव्हा ट्यूनर गिटारच्या डोक्यालाच लावून ठेवा.